हँडब्रेकचा नट आणि हात न लावणारे आपण

पेण-रोह्याकडे जुनी गाडी उभी करायची एक सर्वमान्य पद्धत आहे. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि मागच्या चाकाखाली दगड सरकवायचा. दगड डिकीतच असतो. 'हँडब्रेक लागत नाही का?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'जुनी गाडी आहे, आता काय लागणार?' हे ऐकणारेही मान डोलावतात. जुन्या माणसाचे गुडघे दुखायचेच, तसा जुन्या गाडीचा हँडब्रेक सुटायचाच, असं आपण धरून चाललो आहोत.

हे साफ चुकीचं आहे. हँडब्रेक वयामुळे सुटत नाही. लायनर झिजतात, केबल थोडी ताणली जाते, आणि मधली ही तफावत भरून काढायला कंपनीने पहिल्या दिवसापासून एक नट दिलेला असतो. तो फिरवायचा असतो म्हणूनच तिथे आटे पाडलेले असतात. दहा-पंधरा वर्षं त्याला कोणी हात लावला नाही, हे हँडब्रेक न लागण्याचं खरं कारण आहे. गाडीच्या माथी वय मारून आपण स्वतःला मोकळं करून घेतो.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे: ज्याच्याकडे जुनी गाडी आहे, त्याला तिचा हँडब्रेक घरी तपासता आणि शक्य असेल तर जुळवता आला पाहिजे. 'ब्रेकला हात लावू नका, ते तज्ज्ञांचं काम' हा सल्ला वरवर जबाबदारीचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो आपल्याला बेजबाबदार बनवतो. हा सल्ला देणारे तीन प्रकारचे लोक आहेत: विकणारे, दुरुस्त करणारे आणि माझ्यासारखे शिकलेले. तिघांची कारणं वेगळी आहेत, आणि तिघांशीही माझं भांडण आहे.

आधी दगड आणि गिअर यांचा निकाल लावू. मारुती ८०० चं रिकामं वजन साधारण ६५० किलो. दहा फुटांना एक फूट चढणाऱ्या उतारावर ती उभी केली, तर तिला खाली ओढणारं बल साधारण ६५ किलोचं होतं. आत माणसं आणि डिकीत तांदळाची पोती असतील तर आणखी. गिअरमध्ये टाकलेली गाडी हे बल इंजिनातल्या दाबाच्या जोरावर पेलते. सिलिंडरमध्ये अडकलेली हवा पिस्टनला सहज हलू देत नाही, म्हणून चाक थांबतं. पण जुन्या इंजिनाच्या रिंगा झिजलेल्या असतात, हवा हळूहळू निसटते, आणि गाडी इंच-इंच सरकू शकते. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितकी 'गिअरमध्ये टाक'वरची भिस्त कमी व्हायला हवी. आपण नेमकं उलट करतो. त्यात मागे बसलेल्या पोराने पुढे येऊन गिअरचा दांडा ओढला, की उरतो फक्त दगड.

कायद्यालाही ही गोष्ट कळते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ सांगतं की परवानाधारक चालक सीटवर नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज केल्याशिवाय, ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येणार नाही. ही जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर किंवा ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर आहे. कंपनी, सर्व्हिस सेंटर, मेकॅनिक यांचा तिथे उल्लेख नाही. तुमची गाडी घरंगळत जाऊन कुणाच्या पायावर गेली, तर 'मी शोरूमला सांगितलं होतं' हे उत्तर चालणार नाही. जबाबदारी आपली असेल, तर ती यंत्रणा समजून घेणंही आपल्याकडेच आलं.

आणखी एक मुद्दा लोक विसरतात. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. नळी गंजून फुटली, सील गेलं, तेल गळलं, की पेडल थेट तळाला जातं. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला तेल लागत नाही. पायाचा ब्रेक गेला तर हातात उरणारा तो शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे खारेपाटाची हवा आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे, रस्त्यावरचा चिखल चेसिसला चिकटून राहतो. इथे नळ्या गंजणं ही कल्पनेतली भीती नाही. अशा हवेत तो शेवटचा उपायच निकामी ठेवून आपण भिसे खिंड उतरतो, सुकेळी खिंडीत ट्रकांच्या मधे उभे राहतो. २०११ पासून रुंदीकरण चालू असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या आधीच्या आठवड्यात जे अडकले आहेत, त्यांना चढावरची रांग माहीत आहे. पुढची गाडी प्रत्येक वेळी वीतभर मागे येते आणि मागचा हॉर्न वाजवतो. त्या पुढच्या गाडीचा हँडब्रेक लागत असता, तर चालकाला एका पायाने क्लच आणि दुसऱ्याने ब्रेक-ॲक्सिलरेटर अशी कसरत करावीच लागली नसती.

आता काम किती मोठं आहे ते पाहू. हँडब्रेकचा दांडा ओढला की केबल ताणली जाते. ती मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमपर्यंत जाते आणि आतले शू ड्रमवर दाबले जातात. दांडा ओढताना जी टकटक ऐकू येते ती दातेरी पट्टीची. किती टकटकींत ब्रेक घट्ट लागायला हवा, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत तो आकडा चार ते आठच्या आसपास असतो. दांडा अकरा-बाराला जात असेल तर काहीतरी झिजलं आहे किंवा अडकलं आहे. हे मोजायला पाना लागत नाही, कान पुरतात. तरी आपल्या ओळखीतल्या किती लोकांनी आपल्या गाडीच्या टकटकी मोजल्या आहेत?

दुरुस्तीचा क्रम मात्र महत्त्वाचा. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. हँडब्रेक सोडायचा. मागची बाजू जॅकने उचलून जॅक स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, आणि विटांच्या चळतीवर तर गाडी ठेवायचीच नाही. चाक हाताने फिरवून पाहायचं, मोकळं फिरतं की कुठे घासतं. मग ड्रम काढून लायनरची जाडी बघायची. आतली काळी भुकटी फुंकायची नाही आणि हवेच्या पंपाने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि तो फुप्फुसात गेला की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसायची. शू आणि ड्रममधलं अंतर आपोआप जुळवणारी एक छोटी दातेरी यंत्रणा बहुतेक गाड्यांत असते. आपल्या हवेत ती गंजून अडकते. ती साफ करून मोकळी करायची, शू ड्रमच्या जवळ आणायचे, पायाचा ब्रेक काही वेळा दाबून त्यांना जागेवर बसू द्यायचं. आणि हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, दांड्याच्या बुडाशी किंवा गाडीखाली जिथे असेल तो केबलचा नट. चाक घासायला लागेपर्यंत आवळायचा, पुन्हा मोकळं फिरेपर्यंत सोडायचा. दोन्ही चाकं सारखी आहेत का ते पाहायचं. टकटकी मोजायच्या.

आधी शू, मग केबल. हा क्रम उलटा केला की काय होतं, याचं उदाहरण आमच्या घरातच आहे. वडिलांची जुनी गाडी पेणला असताना सर्व्हिसिंगला दिली होती. बिलात 'हँडब्रेक ॲडजस्टमेंट' अशी स्वतंत्र ओळ आणि तिचे स्वतंत्र पैसे. अकराला लागणारा दांडा चारला लागायला लागला, वडील खूश. पेणहून नागोठणे आणि पुढे भिसे खिंडीतून रोह्याला येईपर्यंत मागून जळका वास यायला लागला. डाव्या मागच्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागत होती. रोह्याला घरी ड्रम उघडला. लायनर जवळजवळ संपलेले, आतली आपोआप जुळणारी यंत्रणा गंजून दगड झालेली, उजवीकडची केबल नळीत अडकलेली. आणि केबलचा नट आट्यांच्या टोकापर्यंत आवळलेला. ड्रम कोणी उघडलाच नव्हता. सगळा ताण डाव्या चाकावर आला होता आणि ते ब्रेक लावलेल्या अवस्थेतच पळत होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रकार मला लगेच ओळखू आला. सर्व्हर गरम झाला की अलर्ट येतो. अलर्टचा त्रास होतो म्हणून कोणीतरी त्याची मर्यादा वाढवून ठेवतो. अलर्ट बंद होतो, तक्रार बंद होते, सर्व्हर तसाच तापत राहतो. लांब जाणारा दांडा हा गाडीने दिलेला अलर्ट होता. 'लायनर संपत आलेत, बघा' असं ती सांगत होती. सर्व्हिसवाल्याने नट आवळून तिचं तोंड बंद केलं आणि त्याचे पैसे घेतले. शिवाय केबल प्रमाणाबाहेर आवळली की शू पूर्ण मागे जात नाहीत, आणि आपोआप जुळणारी यंत्रणा धड असली तरी तिला काम करता येत नाही. म्हणजे त्या 'ॲडजस्टमेंट'ने पुढची दुरुस्तीही अडवून ठेवली होती.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. 'ब्रेक हा जिवाशी खेळ आहे. घरी प्रयोग करून कोणी मेलं तर?' आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर द्यायला हवं. धोका हातात नाही, अज्ञानात आहे. वरच्या उदाहरणात गाडीला हात लावणारा माणूस 'तज्ज्ञ'च होता. त्याच्या अंगावर कंपनीचा गणवेश होता. त्याला क्रम माहीत नव्हता असंही नाही. ड्रम उघडायला वेळ लागतो आणि त्याच्या तासाचा हिशेब दुसरं कोणी ठेवत होतं. मालकाला टकटकींचा अर्थ कळत असता, तर तो गाडी ताब्यात घेण्याआधी एकच प्रश्न विचारू शकला असता: 'लायनर किती उरलेत?' त्या एका प्रश्नाने ड्रम उघडला गेला असता.

घरी सगळं करा, असं मी म्हणत नाही. तेल गळत असेल, पेडल मऊ लागत असेल, ड्रमला खोल चरे पडले असतील, केबलचे धागे तुटले असतील, तर गाडी गॅरेजला द्या. पण हे ओळखण्यासाठीसुद्धा आत एकदा पाहिलेलं असावं लागतं. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तोच सुरक्षित असतो, आणि ते न पाहता कळत नाही. ताप मोजायला आपण डॉक्टरांकडे जात नाही, पण ताप किती झाला की जायचं हे आपल्याला माहीत असतं. हँडब्रेकच्या बाबतीत आपल्या घरात थर्मामीटरच नाही.

तो नाही, याला कंपन्यांचा हातभार आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हे की सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू दिली जात नव्हती. २०११ च्या एका तक्रारीवरून हे प्रकरण उभं राहिलं होतं. पुढे अपिलं आणि कोर्टकचेऱ्या झाल्या, पण आयोगाने नोंदवलेली वस्तुस्थिती आपल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला सांगून पाहा, तो हसेल. त्याला हे आधीपासून माहीत होतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. मोटारी हे त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक. पोर्टल चांगलंच आहे. पण हक्क पोर्टलवर असून भागत नाही, तो बजावणारा माणूस लागतो. नव्या गाड्यांत तर हँडब्रेकच्या दांड्याची जागा बटणाने घेतली आहे. त्यातल्या अनेकांत मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी संगणक जोडून मोटर मागे घ्यावी लागते. ज्याच्याकडे ते उपकरण नाही तो दुरुस्तीतून बाहेर. मी बटणाच्या विरोधात नाही. उपकरण आणि माहिती कुलपात ठेवण्याच्या विरोधात आहे. जुन्या गाडीचा नट अजून उघड्यावर आहे, दहा नंबरच्या पान्याने फिरतो. तो आहे तोवर त्याचा उपयोग करू.

पण कंपन्यांवर सगळं ढकलून आपण सुटत नाही. नट उघड्यावर असूनही आपण तो फिरवत नाही, कारण हात काळे करणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला वर्कशॉप होतं. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा. वर्गातल्या अर्ध्या लोकांनी तो 'जॉब' पैसे देऊन बाहेरून करून आणला, आणि त्याची कोणाला लाज वाटली नाही. गणितात कॉपी करताना जी भीती वाटायची ती इथे नव्हती, कारण हे 'खरं' शिक्षण नाही यावर सगळ्यांचं, शिक्षकांसकट, एकमत होतं. तेच काम आयटीआयचा मुलगा मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात रोज करतो, आणि लग्नाच्या बाजारात त्याची किंमत काय हे सगळ्यांना माहीत आहे. कोण हात काळे करणार आणि कोण सही करणार, ही वाटणी या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून केली. आता ती डिग्रीवरून होते, एवढाच फरक. अनेकदा तेवढाही नसतो.

याला विरोध करणारी परंपराही आपल्याच मातीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी मांडलेली नई तालीम हाताच्या कामातूनच शिक्षण द्या असं सांगत होती. त्या योजनेत पुष्कळ अडचणी होत्या, त्यावर वाद घाला. पण ज्या राज्यात ती मांडली गेली, तिथल्या इंजिनिअरला पंक्चर काढता येत नाही आणि तो हे हसत सांगतो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

यावर एक डावीकडून येणारा आक्षेपही ऐकला आहे: 'तुम्ही पगारदार लोक घरी दुरुस्त्या करायला लागलात, तर गॅरेजवाल्याच्या पोटाचं काय?' हँडब्रेक जुळवण्याच्या मजुरीवर कोणाचं गॅरेज चालत नाही. आणि माझा अनुभव उलट आहे. रोह्यातल्या ज्या मेस्त्रींकडून मी ड्रम काढायला शिकलो, त्यांनी गंजलेला ड्रम कुठे आणि किती जोराने ठोकायचा हे हातात हातोडा देऊन दाखवलं. स्वतः तो ड्रम काढायला दोन तास झगडल्यावर त्यांची मजुरी मला कधी जास्त वाटली नाही. घासाघीस करणारा गिऱ्हाईक तोच असतो ज्याला वाटतं, 'दोन नट तर फिरवले, त्याचे पाचशे?' काम समजणारा माणूस कामाचे पैसे देतो. काम न समजणारा बिलावरच्या ओळीचे देतो.

शेवटचा मुद्दा पैशाचा आणि म्हणून सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या गाड्या कोण चालवतं? हमरापूर-जोह्याहून गणपतीच्या मूर्ती पोचवणारा, धाटावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, आईला डायलिसिसला नेणारा. हौस म्हणून जुनी गाडी ठेवणारे इथे बोटांवर मोजण्याइतके. २०२१ च्या मोडीत काढण्याच्या धोरणानुसार खासगी गाडी नुसती म्हातारी झाली म्हणून बाद होत नाही. तिने फिटनेस चाचणी पास व्हायला हवी. १५ वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची, आणि कारसाठी ही फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. ज्याला नवी गाडी परवडत नाही, त्याची गाडी रस्त्यावर राहील की भंगारात जाईल हे आता तिच्या निगेवर ठरणार आहे. ब्रेक हा त्या चाचणीतला भाग आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी एजंटाला पैसे देऊन 'बघून घ्या' म्हणणं हा एक मार्ग आहे, आणि तो आपल्याला चांगला माहीत आहे. त्याने कागद मिळतो, पण खिंडीत गाडी थांबत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ड्रायव्हिंग स्कूलने चढावर गाडी हँडब्रेकवर थांबवून मागे न घसरता सुरू करायला खरोखर शिकवावं, आणि टकटकी मोजायलाही. कंपन्यांनी बंद झालेल्या मॉडेलांची दुरुस्तीची पुस्तकं मराठीसह भारतीय भाषांत मोफत द्यावीत. ज्या गाडीचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं त्या मारुती ८०० च्या ब्रेकमध्ये आता कोणतं व्यापारी गुपित उरलं आहे? सर्व्हिस सेंटरने 'ॲडजस्टमेंट' लिहिताना लायनरची उरलेली जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी. आणि आपण, ज्यांच्याकडे डिग्री आहे, रविवार आहे आणि पाना घेण्याइतके पैसे आहेत, त्यांनी वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, मागची चाकं उचलावीत. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर शू ड्रमला चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक सोडून ठेवायची आपल्याकडची पद्धत योग्यच आहे. तेव्हा सपाट जागा, गिअर आणि चाकांना ठोकळे हवेत. पण तो लागत असताना सोडणं वेगळं आणि लागतच नाही म्हणून सोडणं वेगळं.

गाडी कितीही जुनी असो, ती उभी केल्यावर उभी राहिली पाहिजे. ही किमान अपेक्षा पूर्ण करणारा नट कंपनीने आपल्या हाताशी दिलेला आहे. येत्या रविवारी दांडा ओढा आणि मोजा. आठच्या पुढे गेला, तर ड्रम उघडा किंवा उघडणाऱ्याच्या शेजारी उभे राहा.